३०४ खरं निघालं, तरी ग्लँडच्या दोरीखाली गंज कसा?

दोरीवाला · १७ जून, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिलाच धागा काढतोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

सांगली जिल्ह्यात माझं पंप दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक वेल्डिंग सेट, तीन माणसं. साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की मे-जूनमध्ये रसाचे पंप आमच्याकडं ओव्हरहॉलला येतात. त्यातल्याच एकाची ही तक्रार.

या पंपाच्या शाफ्टवर ३०४ नंबरच्या स्टेनलेसची स्लीव्ह, म्हणजे बाहेरून चढवलेली नळी, असते. शाफ्ट पंपाबाहेर येतो तिथं गळती रोखायला ग्लँडमध्ये दोरी ठासलेली असते. ही दोरी स्लीव्हवर घासते, म्हणजे झिजायची ती स्लीव्ह झिजावी आणि शाफ्ट वाचावा. स्लीव्ह झिजते याचं मला नवल नाही, आमचं पोटच त्यावर आहे. पण या वेळची बघा. दोरीच्या पाच रिंगा बसतात तिथं पाच चर. सगळ्यात खोल चरात नख सहज बसतं, अर्धा मिलिमीटर तरी असेल. चराच्या तळाला तपकिरी डाग, आणि डाग खरवडला की खाली सुईच्या टोकाएवढे खड्डे. आणि चरापासून अर्धा इंच अलीकडं, त्याच स्लीव्हवर, भांग पाडून घ्यावा अशी चकाकी!

मी सरळ माल देणाऱ्याला फोन लावला. ३०४ च्या नावाखाली हलकं २०२ गळ्यात मारलंस म्हणून चार शब्द सुनावले. तो शांतपणे म्हणाला, तपासून घ्या. कुपवाडला नेऊन धातूतले घटक मोजणाऱ्या गनखाली धरलं तर क्रोमियम १८.१, निकेल ८.०. म्हणजे माल खरा आणि मी तोंडावर आपटलो.

आता प्रश्न असा, की खऱ्या स्टेनलेसला गंज लागला कसा? आणि लागला तर फक्त दोरीखालीच का?

रात्रपाळी · १७ जून, रात्री १०:०५

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडं पण हेच रडगाणं आहे.

लोहचुंबक · १७ जून, रात्री १०:३१

गनबिन ठीक आहे हो, चुंबक लावून बघितलं का? चिकटलं तर समजायचं भेसळ. आमचे वडील भांडी घेताना खिशात चुंबक ठेवायचे.

क्रोमियम१८ · १७ जून, रात्री ११:१८

चुंबकाचा हा गैरसमज एकदाचा जाऊ दे. २०२ ला चुंबक चिकटतच नाही. तिथं निकेल कमी करून मँगॅनीज वाढवलेलं असतं, पण स्फटिकाची रचना ३०४ सारखीच राहते. म्हणजे ज्या फसवणुकीची भीती असते तीच नेमकी चुंबकातून निसटते. उलट ४३० ला चुंबक कडक चिकटतं आणि ते १६-१७ टक्के क्रोमियमचं अस्सल स्टेनलेस आहे. वर आणखी गंमत अशी, की खरं ३०४ सुद्धा वाकवलं किंवा दाबून ओढलं की त्या जागी थोडं चुंबकीय होतं. घरातल्या सिंकच्या तळाला चुंबक लावा, मग कोपऱ्याच्या गोलाईला लावा. कोपऱ्यावर हलकं ओढल्यासारखं वाटेल. पत्रा तिथं ताणला गेलेला असतो. तुमच्या वडिलांनी त्या चुंबकापायी चांगली भांडी परत केली असणार.

आता धागाकर्त्याचा प्रश्न. उद्या सविस्तर लिहितो, झोप आलीय.

लोहचुंबक · १८ जून, सकाळी ७:१०

बरं. वडिलांना सांगत नाही.

क्रोमियम१८ · १८ जून, दुपारी १:५०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. लांबेल.

स्टेनलेस गंजत नाही असं आपण म्हणतो, पण खरं म्हणजे ते एकदाच गंजतं आणि थांबतं. हवेतल्या किंवा पाण्यातल्या ऑक्सिजनशी क्रोमियमचा संयोग होऊन पृष्ठभागावर ऑक्साइडची साय धरते. जाडी किती, तर एक ते तीन नॅनोमीटर. माणसाच्या केसात अशा तीसेक हजार साया एकावर एक मावतील. साय घट्ट असते, खालच्या धातूला धरून बसते आणि फाटली की लगेच परत धरते. पहिला थर धरायला सेकंदाचा बारीकसा भाग पुरतो, चांगली मुरायला मात्र तास लागतात. साधारण साडेदहा टक्क्यांच्या खाली क्रोमियम असेल तर ही साय सलग धरत नाही. म्हणून तिथून पुढच्या पोलादालाच स्टेनलेस म्हणतात.

यातली ‘परत धरते’ ही गोष्ट सगळे लक्षात ठेवतात. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात, ऑक्सिजन आणि थोडी उसंत. तुमच्या दोरीखाली यातलं काय आहे?

शाफ्ट मिनिटाला १४५० फेऱ्यांनी फिरत असेल असं धरतो. दिवसाला २० लाख ८८ हजार फेरे. प्रत्येक फेऱ्याला साय खरवडली जात नाही हे उघड आहे. हजार फेऱ्यांत एकदा जरी दोन नॅनोमीटर गेली तरी दिवसाला चार मायक्रॉन, आणि १२० दिवसांच्या गाळपात अर्धा मिलिमीटर. हिशेब अंदाजपंचे आहे, समजावण्यापुरताच. पण तुम्ही चराची खोली लिहिली आहे अर्धा मिलिमीटर! साय जाते, नवी धरायला धातू खर्ची पडतो, ती पण जाते. झीज आणि गंज दोघं मिळून एकाच पैशाच्या पिशवीतून काढत असतात.

या जोडगोळीला ट्रायबोकरोजन म्हणतात. प्रयोगशाळेत तीन आकडे काढतात. नुसतं घासलं तर किती गेलं, नुसतं द्रवात ठेवलं तर किती गेलं, आणि द्रवात ठेवून घासलं तर किती गेलं. तिसरा आकडा बहुधा पहिल्या दोघांच्या बेरजेपेक्षा मोठा येतो. वरची रक्कम ही दोघांच्या संगनमताची. ती मोजायची रीत एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या जी-११९ मध्ये दिलेली आहे.

दोरीवाला · १८ जून, दुपारी २:२५

साहेब, पिशवीचं पटलं. पण एक सांगा, दोरी तर मऊ असते. हातानं तुटते. ती स्टील कशी खाणार?

रात्रपाळी · १८ जून, दुपारी ३:०२

मी सांगतो, कारण मी बारा वर्षं मिल हाऊसला होतो. दोरी खात नाही ओ, रेती खाते. पावसाळी तोडणीचा ऊस आला की मुळाशी चिखल घेऊनच येतो. रस गाळला तरी बारीक रेती रसातून पंपात जाते आणि दोरीत रुतून बसते. मग ती दोरी राहत नाही, सहाण होते. आणि रस काय गोड असतो म्हणून गरीब असतो असं नाही. ताज्या रसाचा पीएच पाच-साडेपाच असतो, त्यात क्लोराइड, आणि गरम असेल तर विचारूच नका.

वर आमचे फिटर. ग्लँडमधून थेंब पडला की त्यांना अपमान वाटतो. पाना घेऊन आवळायचं. दोरीला मिनिटाला ४०-६० थेंब पडू द्यायचे असतात, तेच तिचं तेलपाणी. थेंब बंद केला की दोरी जळते, कडक होते आणि स्लीव्ह कापते.

क्रोमियम१८ · १८ जून, दुपारी ३:४०

रात्रपाळी यांनी थेंबाचं लिहिलं ते फार मोलाचं आहे. तो थेंबच आत ऑक्सिजन नेतो. लेथवरच्या टूलसारखं नाही हे. तिथं एखादा बिंदू घासून पुढं जातो आणि फिरून येईपर्यंत त्याला उघडी हवा मिळते. ग्लँडमध्ये दोरी चारी बाजूंनी वेढा घालून बसलेली. स्लीव्हवरचा कुठलाही बिंदू एक क्षण सुद्धा मोकळा नसतो.

हळदीचा डाग · १८ जून, संध्याकाळी ६:१५

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण घरच्या भाषेत कुणी सांगेल का? आमच्या नव्या सिंकमध्ये महिन्याभरात तांबूस ठिपके आलेत. मावशी तारेच्या घासणीने घासतात. दुकानदार म्हणतो तुमचं पाणी खराब. मला आता वाटतंय घासणीनेच ती साय गेली असणार.

क्रोमियम१८ · १८ जून, संध्याकाळी ७:३३

ताई, साय गेली आणि मावशी जेवायला बसायच्या आत परतही आली. सिंकला हवा आहे आणि उसंतही आहे, पंपाच्या स्लीव्हचं दुखणं त्याला नाही. तुमचा चोर वेगळा आहे. राखाडी, लोकरीसारखी मऊ तारेची घासणी असते ती साध्या लोखंडाची. घासताना तिचे बारीक तुकडे मोडून ओरखड्यांत अडकतात आणि गंजतात ते तुकडे. सिंकवर दुसऱ्याचा गंज बसलाय म्हणा. पण तसाच राहू दिला तर त्याच्याखाली स्टीललाही खड्डा पडू शकतो, म्हणून काढा.

किराणा दुकानात लिंबाचं फूल मिळतं, सायट्रिक ॲसिडचे खडे. पेलाभर गरम पाण्यात मोठा चमचाभर विरघळवून फडक्यानं लावा, पंधरा मिनिटं ठेवा, भरपूर पाण्यानं धुवा, कोरडं पुसा. कारखान्यात वेल्डिंगनंतर स्टेनलेस असंच सायट्रिकनं किंवा नायट्रिकनं धुतात, पृष्ठभागावरचं सुटं लोखंड विरघळून जावं म्हणून. लिंबू-मीठ मात्र लावू नका. ते तांब्या-पितळेला ठीक. मिठातलं क्लोराइड हा स्टेनलेसचा वैरी नंबर एक. तो सायीत जिथं कमजोर जागा मिळेल तिथं भोक पाडतो.

हळदीचा डाग · १८ जून, रात्री ८:०१

अगं बाई! मी काल लिंबू-मीठच लावून रात्रभर ठेवलं होतं. 🙈

आणि मग स्टीलच्या पातेल्याच्या तळाला पांढरे बारीक ठिपके पडतात ते?

क्रोमियम१८ · १८ जून, रात्री ८:१२

गार पाण्यात मीठ टाकून गॅसवर ठेवता म्हणून. खडे तळाशी बसतात, तिथं मीठच मीठ आणि खालून आंच. पाणी उकळल्यावर मीठ घाला आणि ढवळा.

वेंगुर्ल्याचा वारा · १९ जून, सकाळी ९:२०

दुसऱ्याचा गंज यावर आमचाही अनुभव. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर, गच्चीला ३१६ चं रेलिंग. बिल बघून बायको दोन दिवस बोलली नाही. पहिल्याच पावसाळ्यानंतर जोडांपाशी चहा सांडल्यासारखे डाग. कारण शोधलं तर फॅब्रिकेटरनं ज्या डिस्कनं गेटचं साधं लोखंड घासलं तीच डिस्क ग्राइंडरला ठेवून रेलिंगचे जोड घासलेले. शिवाय गेट कापताना उडालेल्या ठिणग्या रेलिंगवर. वर जाड दाण्याच्या पेपरने आडवी मॅट फिनिश मारलेली. आडव्या चऱ्यांत खारट ओल साचून राहते, उभ्या असत्या तर पावसानं धुऊन नेली असती. मिररसारखं पॉलिश केलेला भाग अजून स्वच्छ आहे.

लोहचुंबक · १९ जून, सकाळी ९:४८

मग दोरीवाल्यांनी पण ३१६ ची स्लीव्ह घालावी की. विषय संपला.

क्रोमियम१८ · १९ जून, सकाळी १०:३०

३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यानं क्लोराइडचे खड्डे कमी होतील. पण कडकपणा ३०४ एवढाच. चर पडायचा तेवढा पडणारच.

रात्रपाळी · १९ जून, दुपारी १२:१५

दोरीवाले, एक विचारू? काल रात्रीपासून डोक्यात घोळतंय. पंप चालू असताना रेती सतत घासतीय. मग खड्डा पडायला लागला तर तो पुसला जाईल की. चर खोल जाईल, पण सुईच्या टोकाएवढे खड्डे उरतील कसे? ते भिंगाखाली बघा. खड्ड्याच्या काठावरून घासल्याच्या रेघा गेल्यात की काठ कोरा आहे? आणि पट्टा कधी पडला, पंप उघडला कधी?

दोरीवाला · १९ जून, रात्री ९:१०

मानलं तुम्हाला! पोराचं शाळेचं भिंग आणून बघितलं. चरात घासल्याच्या रेघा आहेत, एकीला एक लागून, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या. खड्डे त्या रेघांच्या वर पडलेत. रेघ येते, खड्ड्यापाशी तुटते, पलीकडं पुन्हा सुरू होते. काठ धारदार, अजिबात घासलेला नाही.

पट्टा पडला २८ मार्चला. पंप माझ्याकडं आला ९ जूनला. आणि दोरी आतच होती, मीच काढली. ओली होती आणि आंबूस वास मारत होती, ताकाचं भांडं विसरावं तसा.

रात्रपाळी · १९ जून, रात्री ९:२२

झालं. चर हंगामातला, खड्डे पट्टा पडल्यानंतरचे.

क्रोमियम१८ · १९ जून, रात्री १०:४०

रात्रपाळी, तुमच्यापुढं टोपी काढतो. मी दोन दिवस झिजेवरच पानं भरत होतो आणि खड्डा कधी पडला हे विचारलंच नाही.

अडीच महिने रस भरलेली दोरी. रस आंबतो, आम्ल वाढतं, पाणी सुकत जातं तसं क्लोराइड घट्ट होतं. दोरीखालचा ऑक्सिजन संपला की साय दुरुस्त होत नाही. बाहेरचा उरलेला मोठा चकचकीत भाग शाबूत सायीचा, तो कॅथोड होतो, आणि दोरीखालची इवलीशी जागा ॲनोड, म्हणजे धातू विरघळतो ती बाजू. सगळ्या पृष्ठभागाचा भार त्या टिचभर जागेवर पडतो, म्हणून गंज पसरत नाही, खोल जातो. दोरी ग्रॅफाइटची आहे का? असेल तर आगीत तेल. ग्रॅफाइट विजेच्या हिशेबात स्टेनलेसपेक्षा वरचढ, ओल्या अवस्थेत ते स्टीललाच खायला लावतं.

लेथवर उभी · २० जून, सकाळी ८:०५

मधे बोलते. मी पुण्यात टूलरूममध्ये आहे. तुमचं हे खरं असेल तर झिजेचा काय संबंध? नुसती ओली दोरी अडीच महिने ठेवली असती तरी खड्डे पडलेच असते. धाग्यात चराला उगाच गोवलंय असं मला वाटतं.

क्रोमियम१८ · २० जून, सकाळी ८:५०

शंका रास्त आहे. माझं म्हणणं असं की चरातला पृष्ठभाग खरखरीत, त्यात रेतीचे कण रुतलेले, वरचा थर ठोकल्यासारखा ताणलेला. अशा जागी खड्डा लवकर सुरू होतो. पण हे पुस्तकी उत्तर झालं. या स्लीव्हवरून ते सिद्ध होत नाही, कारण इथं चर आणि ओली दोरी एकाच जागी आहेत.

दोरीवाला · २० जून, रात्री १०:१७

लेथवर उभी ताई, तुमच्या शंकेनं काम केलं. कारखान्याचा स्टँडबाय पंप पण माझ्याकडंच आलाय, तोच मेक, तीच स्लीव्ह, तीच ग्रॅफाइटची दोरी. हंगामात तो जेमतेम चार-पाच दिवस चालला, बाकी रस भरून उभा. आज उघडला.

चर नाहीतच, नुसत्या पुसट रेघा. दोरीखाली तपकिरी वळी उमटली आहेत, पाचच्या पाच. पण भिंगाखाली खड्डे मोजले तर सगळ्या स्लीव्हवर मिळून सात, तेही उथळ. चालत्या पंपाच्या एकाच चरात मी तीसपर्यंत मोजले आणि कंटाळून सोडून दिलं.

लेथवर उभी · २० जून, रात्री १०:४४

बरं, हे पटलं. गोवलेला नाही, साथीदारच आहे. पण ओली दोरी न ठेवता नुसती चर पडलेली स्लीव्हही बघायला पाहिजे, तेव्हा चौकट पूर्ण होईल.

ओटी सिस्टर · २१ जून, पहाटे ५:३०

नाइट संपवून वाचतेय. हे आमच्याकडे पण दिसतं! मोडलेल्या हाडाला घातलेली स्टीलची प्लेट वर्ष-दोन वर्षांनी काढतात तेव्हा प्लेट बहुतेक लखलखीत असते, पण स्क्रूचं डोकं प्लेटमध्ये बसतं त्या खळग्यात कधी कधी काळपट-तपकिरी वर्तुळ असतं. चालताना तिथं केसभर हालचाल होत राहते, आणि शरीरातलं पाणी खारटच. सरांना विचारलं होतं, ते म्हणाले फ्रेटिंग. मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं.

क्रोमियम१८ · २१ जून, सकाळी ७:४५

सिस्टर, अगदी तेच. ती प्लेट ३१६ एल असते. केसभर हालचाल, फटीत ऑक्सिजन नाही, क्लोराइड भरपूर.

रात्रपाळी · २१ जून, दुपारी ४:००

अवांतर. स्टेनलेसचा जन्मच झिजेच्या भांडणातून झालाय. १९१३ साली इंग्लंडात शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली नावाचा माणूस रायफलच्या नळ्या आतून लवकर खाल्ल्या जातात यावर काम करत होता. क्रोमियम घालून बघितलं, १२.८ टक्क्यांचं एक पोलाद निघालं. सूक्ष्मदर्शकाखाली बघायला ते आम्लात बुडवून कोरावं लागतं, तर हे कोरलंच जाईना. तिथून सुऱ्या-काट्यांची कल्पना निघाली. नळीची झीज बाजूलाच राहिली.

क्रोमियम१८ · २१ जून, संध्याकाळी ५:१५

अवांतरात माझीही भर. त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी, १७९० मध्ये, जेम्स कीर यानं लिहून ठेवलंय की लोखंड कडक नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवलं की त्याचा स्वभाव पालटतो, मग सौम्य ॲसिडमध्येही ते गप्प राहतं. पुढं १८३६ च्या सुमारास शेनबाइन आणि फॅरेडे यांनी यावर डोकं चालवलं. आम्हाला कॉलेजात सरांनी फ्यूम हुडमध्ये करून दाखवलं होतं. खिळा सौम्य ॲसिडमध्ये शांत पडलेला. सरांनी काचेच्या कांडीनं त्याला एक ओरखडा काढला आणि त्या रेघेतून तांबडा धूर उसळला, बघता बघता सगळा खिळा फसफसायला लागला. घरी करू नका, तो धूर विषारी असतो. ट्रायबोकरोजनवर नंतर पुष्कळ वाचलं, पण डोळ्यांसमोर तो खिळाच येतो.

वाघीणवाला · २२ जून, सकाळी ११:३०

रेल्वेत वॅगन दुरुस्तीला आहे. तुम्ही सगळे स्टेनलेसची रड सांगताय म्हणून दुसरी बाजू. कोळशाच्या वाघिणी पूर्वी साध्या पोलादाच्या असत. ओला कोळसा, त्यात गंधक, आतून गंज चढायचा. पुढच्या खेपेला कोळसा भरताना-उपसताना गंज खरवडून जायचा, खाली कोरा पत्रा, तो पुन्हा गंजायचा. पत्रा असा पापुद्र्या-पापुद्र्यानं जायचा. नव्या वाघिणींत ११-१२ टक्के क्रोमियमचं स्टेनलेस वापरलं जातं. ते दिसायला काही सुंदर नाही, मळकट होतं. पण गंजाचा पापुद्राच धरत नाही म्हणून खरवडायला काही मिळत नाही.

रात्रपाळी · २२ जून, दुपारी १२:४०

बरोबर! मिलच्या च्यूटला, म्हणजे ऊस घसरत खाली येतो त्या घसरणीला, पण आता तेच घालतात. साधा पत्रा ऑफ सीझनला गंजून बसायचा आणि हंगामाच्या पहिल्या आठवड्यात उसानं सगळा गंज खरवडून रसात. क्रोमवाला पत्रा घासून घासून गुळगुळीत होतो आणि ऊस सरसर खाली येतो. आमच्या एका साहेबानं हट्टानं भारी कडक पोलाद घातलं होतं, क्रोमियम नसलेलं. ओल्या जागी ते काही फार टिकलं नाही.

दोरीवाला · २२ जून, रात्री ९:३०

आता मला उपाय सांगा. कारखाना विचारतोय, स्लीव्ह कडक करून देता का म्हणून. इथं एकजण नायट्रायडिंग, म्हणजे वरच्या थरात नायट्रोजन मुरवून कडक, करून देतो.

लेथवर उभी · २२ जून, रात्री ९:५५

थांबा! नायट्रायडिंग कुठल्या तापमानाला करतो ते आधी विचारा. नेहमीच्या पाचशेच्या वरच्या तापमानाला केलं तर नायट्रोजन क्रोमियमला धरून बसतो. स्लीव्ह दगडासारखी कडक होईल आणि गंजेल साध्या लोखंडासारखी, कारण सायीसाठी मोकळं क्रोमियमच उरत नाही. आमच्याकडे एक फिक्स्चर असं घालवलंय. साधारण साडेचारशेच्या खाली प्लाझ्मानं करतात ते चालतं, पण ते सगळ्यांकडे नसतं.

क्रोमियम ऑक्साइडचा सिरॅमिक लेप मिळतो, प्लाझ्मा स्प्रेनं मारलेला. म्हणजे जी साय निसर्ग दोन नॅनोमीटर देतो तीच आपण दोन-अडीचशे मायक्रॉन थापायची. झिजेला उत्तम. पण लेपाला बारीक छिद्रं असतात, सीलर मारून घ्या, नाहीतर रस आत झिरपून खालून खातो. आणि तो ठिसूळ असतो, हातोडीनं ठोकू नका.

रात्रपाळी · २२ जून, रात्री १०:२०

पैसे खर्चायच्या आधी फुकटचं करा. लँटर्न रिंगला, म्हणजे दोरीच्या रिंगांमध्ये पाणी सोडायला बसवलेल्या भोकाच्या कडीला, स्वच्छ पाणी द्या, ग्लँडमधल्या दाबापेक्षा अर्धा-एक किलो जास्त, म्हणजे रेतीवाला रस दोरीत शिरणारच नाही. बहुतेक ठिकाणी ती लाइन असते, पण व्हॉल्व्ह बंद करून ठेवलेला असतो, रसात पाणी जातं म्हणून. जातं थोडं, केमिस्ट ओरडतो. त्याला स्लीव्हचं बिल दाखवा. आणि पट्टा पडला की दोन दिवसांत दोरी बाहेर.

हळदीचा डाग · २३ जून, सकाळी ८:४०

लिंबाच्या फुलानं ठिपके गेले!! मावशींना नायलॉनची घासणी दिली, त्या म्हणतात हिनं काही निघत नाही. असो.

दोरीवाला · ११ मे, रात्री ९:०५

धागा वर काढतोय. मागच्या वर्षीच्या सल्ल्यांचं काय झालं ते लिहितोय.

कारखान्यानं एक पंप साध्या ३०४ च्या स्लीव्हवर ठेवला, पण पाण्याची लाइन सुरू केली आणि दोरी ग्रॅफाइटऐवजी टेफ्लॉनची घातली. दुसऱ्याला लेपाची स्लीव्ह. पट्टा २ एप्रिलला पडला. तिसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन दोन्हींची दोरी काढली आणि स्लीव्ह धुऊन पुसून ठेवल्या. आज बाकावर घेतल्या.

साध्या स्लीव्हला चर आहे. नख अडकतं, बसत नाही. मायक्रोमीटरला दोन दशांश मिलिमीटरच्या आत. चराचा तळ मळकट, पण भिंगाखाली एकही खड्डा नाही. लेथवर उभी ताई, तुमची राहिलेली चौकट घ्या. चर आहे, ओली दोरी नाही, खड्डा नाही. मात्र पाणी आणि दोरी दोन्ही एकदम बदलल्यामुळं चर कशानं कमी झाला ते सांगता येणार नाही, हा माझा घोटाळा.

लेपाच्या स्लीव्हला चर नाहीच. पण एका कडेला नखाएवढा टवका उडालाय आणि टवक्याखाली तांबूस. बसवताना कुणीतरी ठोकलंय. कुणी ते कुणी सांगत नाही.

रात्रपाळी · ११ मे, रात्री ९:४०

ठोकलंच असणार. थेंबाचं काय झालं, पडू दिले का?

दोरीवाला · ११ मे, रात्री ९:५२

दिवसपाळीला पडू दिले. रात्री कोणतरी आवळायचंच. शेवटी जानेवारीत मी ग्लँडच्या नटावर पिवळ्या पेंटनं खूण करून आलो. फेब्रुवारीत गेलो तर खूण अर्धा फेरा पुढं सरकलेली.

रात्रपाळी · ११ मे, रात्री ९:५८

माझ्याकडं बघू नका, मी रिटायर झालोय.